संक्रांतीनंतरचं श्रीवर्धन: रिकामा किनारा कुणाच्या सोयीचा?

ओसरीवरचा (नौपाडा, ठाणे)

दरवर्षी ३१ डिसेंबरला आमच्या सोसायटीतल्या निम्म्या गाड्या कोकणात जातात आणि २ तारखेला परत येऊन समुद्राऐवजी माणगावच्या ट्रॅफिकच्या गोष्टी सांगतात. आम्ही दोघं (मी ६८, ही ६६) संक्रांतीचे तिळगूळ वाटून झाले की पुढच्या सोमवारी पनवेल स्टँडवरून श्रीवर्धनची एसटी धरतो आणि गुरुवारी परत. दोघांनाही अर्धं तिकीट. यंदाही कालच आलो.

मंगळवारी सकाळी सातला किनाऱ्यावर मोजून चार माणसं: आम्ही दोघं, एक जाळं झटकणारा आणि एक गुडघे दुखतात म्हणून उलटं चालणारे गृहस्थ. मतलई वारा होता, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, त्यामुळे पाणी परातीतल्यासारखं सपाट. आपल्याकडे सूर्य समुद्रातून उगवत नाही, वाडीमागून येतो. त्यामुळे पोफळींच्या सावल्या वाळूवर पार पाण्यापर्यंत जातात आणि मग हळूहळू मागे सरकतात. ओली वाळू सगळी खेकड्यांनी भरलेली. नखाएवढे खेकडे, वाळू तोंडात घालून मोहरीएवढ्या गोळ्या करून टाकतात, बिळाभोवती अगदी रांगोळी. ही म्हणाली, पाय कुठे टाकू? सुट्टीच्या दिवशी हा प्रश्न पडत नाही, कारण घोडागाड्या आणि दुचाक्यांनी रांगोळी आधीच पुसलेली असते.

खोली बाराशेला मिळाली. तीच ३१ तारखेला चार हजार. मालकांनी आधी पंधराशे सांगितले होते, पण ऑफ सीझन म्हटल्यावर ऐकलं त्यांनी. अंगणात सुपारी वाळत घातलेली, आंब्याला मोहर, पहाटे स्वेटर. आणखी काय पाहिजे?

माझं सरळ मत आहे: समुद्र बघायचा तर आडदिवशी, थंडीत, ऑफ सीझनलाच जावं. एरवी तुम्ही तिथे ठाण्याचीच माणसं बघून येता. पटत नसेल तर बोला.

घोडबंदरवाली (कासारवडवली)

काका, वर्णन सुंदर. पण सोमवार ते गुरुवार म्हणजे पेन्शन असलेल्यांची चैन झाली ना! मुलगा चौथीत, त्याची चाचणी. नवऱ्याची रजा शिल्लक भरपूर, मिळत मात्र नाही. आम्ही ३१ तारखेला जातो ते गर्दीची हौस म्हणून नव्हे, सगळ्यांना एकदम सुट्टी तेव्हाच असते म्हणून.

आणि तुमच्यासारख्याच एकाचं ऐकून आम्ही मागच्या वर्षी मंगळवार-बुधवार गेलो होतो. गाव कुठलं ते सांगत नाही, उगाच कुणाचं नाव नको. दुपारी दीडला पोचलो. पहिली खानावळ बंद. दुसरीत बाई भांडी घासत होत्या, म्हणाल्या, "सकाळी सांगायला हवं होतं हो, अंदाजाने करत नाही आता." तिसरीकडे पाटी होती, माणूस नव्हता. शेवटी केळी, फरसाण आणि टपरीवरचा चहा. किनाऱ्यावर ना बोटी, ना घोडा, ना गोळेवाला. मुलाने विचारलं, "आई, समुद्र आज बंद आहे का?"

गमतीचा भाग सोडा. संध्याकाळी सहानंतर त्या किनाऱ्यावर आम्ही तिघंच. तो कमरेएवढ्या पाण्यात, ओहोटी लागलेली, आणि हाक मारायची वेळ आली तर ऐकायला कुणी नाही. जीवरक्षक तर नव्हताच. मला गर्दीत बरं वाटतं, कुणी हसलं तरी चालेल.

डबा_विसरलो (ऐरोली)

"समुद्र आज बंद आहे का" हे शाळेतल्या मराठीच्या पेपरात यायला पाहिजे.

ओसरीवरचा

ताई, जेवणाचं आदल्या रात्री सांगून ठेवायचं असतं. चूक तुमची नाही, कुणी सांगितलं नसेल. आम्ही सोमवारी उतरल्या उतरल्याच मंगळवारच्या दोन्ही वेळचं सांगितलं. पोराला ओहोटीच्या वेळी पाण्यात सोडू नये हे मात्र शंभर टक्के मान्य, किनारा भरलेला असो की रिकामा.

वाडीतला (कामोठे, मूळ श्रीवर्धन)

नमस्कार काका. तुम्ही उतरलात ती आमची खोली नसेल, पण आमच्याही वाडीत तीन खोल्या आहेत, म्हणून बोलतो. राग मानू नका.

पहिली गोष्ट, "ऑफ सीझन" हा शब्द. तुम्हाला अंगणात जी सुपारी वाळताना दिसली ती आपोआप येऊन पडत नाही. थंडी हाच आमचा सुपारीचा सीझन. झाडावर चढणारा गडी आज मिळेल उद्या मिळेल करत वाट बघायची, शिपटं (सुपारीचे घड) उतरवायची, वेचायची, मग सालासकट महिना-सव्वा महिना उन्हात, दिवसातून एकदा हलवायची, आणि आभाळ भरून आलं की सगळं घर धावत आवरायला. आंब्यावर फवारणी ह्याच दिवसांत. त्यात दोन पाहुणे आले की आई वाडीतून उठून स्वयंपाकाला जाते.

दुसरी गोष्ट, खोल्या आल्या कुठून? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर धडकलं. दुपारी आत जाऊन बसलो तेव्हा वाडी होती, बाहेर आलो तेव्हा आभाळ दिसत होतं. वाडीत उभं राहून आभाळ दिसणं म्हणजे काय, ते पोफळीच्या सावलीत वाढलेल्यालाच कळेल. आमची श्रीवर्धनी रोठा सुपारी नावाजलेली, पण नवीन रोप लावलं तर हाताला सुपारी लागायला पाच-सात वर्षं जातात. तोवर खायचं काय? म्हणून गोठ्याच्या जागी दोन खोल्या वाढवल्या. कर्ज अजून चालू आहे.

आता हिशेब. तुम्ही पंधराशेचे बाराशे केलेत. चादरी धुणाऱ्या बाईची मजुरी मंगळवारी कमी होत नाही. जीवना बंदरावर सुरमईचा भाव पाहुणे किती आले ते बघून ठरत नाही. दहा पानं असली की एक मासा पुरवून वाढता येतो, दोन पानांना तोच मासा अंगावर येतो. खानावळी बंद दिसतात त्या आळसाने नाही. अंदाजाने केलेलं जेवण तीनदा टाकून दिलं की चौथ्यांदा कुणी करत नाही.

हे सगळं बोलून झाल्यावर खरं सांगायचं तर आईला आडदिवसाचेच पाहुणे आवडतात. ते ओटीवर बसतात, सुपारी कशी कातरतात विचारतात, जाताना ताट स्वतः उचलतात. ३१ तारखेच्या मंडळींनी यंदा स्पीकर लावला, दोन बादल्या फोडल्या आणि न्हाणीघरात काय केलं ते इथे लिहीत नाही. पण कर्जाचे हप्ते तीच मंडळी फेडतात. उद्यापासून २६ जानेवारीला जोडून सुट्टी आहे, तिन्ही खोल्या भरल्यात, मी पण मदतीला निघालोय.

डबा_विसरलो

काकांनी तीनशे रुपये वाचवले आणि इथे येऊन सांगितले, हे फार महागात पडलं.

ओसरीवरचा

पडलं खरं. ही मागे उभी राहून वाचत होती, म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं, घासाघीस करू नका."

बरं, हा मुद्दा मी सोडतो. पुढच्या वेळी सांगतील तो भाव. पण माझ्या मूळ म्हणण्याला ह्याने धक्का लागत नाही. वाडीतल्याने स्वतःच सांगितलं की आईला आडदिवसाचे पाहुणे बरे वाटतात. आमच्यासारखे आठवड्याला दोन-दोन येत राहिले तर ३१ च्या स्पीकरवाल्यांवर विसंबायची वेळ येणार नाही.

वाडीतला

येत राहिले तर, काका. संक्रांत ते शिमगा आमच्या वहीत आडदिवसाची किती नावं आहेत ते मोजायला एका हाताची बोटं पुरतात.

करावेकर (करावे, नवी मुंबई)

मी गप्प बसणार होतो, पण ठाणे-नवी मुंबईच्या लोकांनी समुद्र बघायला दीडशे किलोमीटर जायचं आणि त्यावर भांडायचं, हे बघवत नाही. १९७० साली सिडको आली त्याच्या आधीपासून आम्ही इथे खाडीकाठाला राहतो. तुमचे सेक्टर नंतर आले. ठाण्याची खाडी २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ ला रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेली, आणि लोक पाम बीच रोडने काचा वर करून जातात.

थंडीतली मजा म्हणाल तर पोपटी. त्यासाठी श्रीवर्धन कशाला? पनवेल-उरणच्या शेतात वालाच्या शेंगा तयार झाल्या की मडक्यात आधी भांबुर्डीचा पाला, मग शेंगा, ओवा, मीठ, मध्ये अंडी, ज्याला पाहिजे त्याला मसाला लावलेली कोंबडी, वर परत पाला दाबून भरायचा. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं, चर्र वाजून लगेच उडालं की झालं. त्या पाल्याच्या वासापुढे तुमचा मोहर काही नाही.

आणि काका, किनारा सकाळी सातला रुंद दिसला तो ऑफ सीझनमुळे नाही, तिथीमुळे. आमच्याकडे म्हाताऱ्यांचा साधा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. तुमचा मंगळवार म्हणजे माघ शुद्ध द्वितीया. दोनची पाऊणपट दीड. दुपारी दीडला भरती, म्हणजे सकाळी सव्वासात-साडेसातला ओहोटी. तोच माणूस अष्टमीला गेला असता तर आठची पाऊणपट सहा, सातलाही पाणी बरंच वर आलेलं असतं, आणि तुमचे खेकडे वाळूखाली. रविवार असता तरी द्वितीयेला तेवढाच रुंद दिसला असता.

ओसरीवरचा

रुंद दिसला असता, रिकामा नसता. पण पाऊणपट मला माहीत नव्हती. चाळीस वर्षं ठाण्यात काढून ही गोष्ट आज कळली ह्याची लाज वाटते. लगेच कालनिर्णय काढून मागच्या चार वर्षांच्या तिथी आठवत बसलोय.

घोडबंदरवाली

करावेकर दादा, खाडी ती खाडी आणि समुद्र तो समुद्र. आमच्या खिडकीतून खाडी दिसते, बिल्डरने त्याचे पैसे वेगळे घेतलेत. तिला लाट नाही, वाळू नाही, आणि वारा फिरला की खिडकी लावून घ्यावी लागते. मुलाला पाय बुडवायला तिथे नेऊ का?

पोपटी मात्र खायची आहे.

करावेकर

वास खाडीचा नाही ताई, तिच्यात जे सोडतात त्याचा. ते कुठून येतं ते परत तुमच्या-आमच्या सेक्टरांवरच जाईल, राहू दे.

पाय बुडवायला नका नेऊ, बघायला न्या. आमच्या गावामागच्या पाणथळीवर भरतीच्या वेळी या. खाडीतला चिखल बुडाला की फ्लेमिंगोंना खायला जागा राहत नाही, ते उडून आत येतात आणि एका पायावर उभे राहतात. ओहोटीला आलात तर सगळे लांब खाडीत, ठिपके दिसतील. खरी गर्दी मार्च-एप्रिलला, पण आत्ताही असतात. चौथीतल्या पोराला हिशेबच द्या, परवा रविवारी सप्तमी आहे.

घोडबंदरवाली

सात गुणिले पाऊण, सव्वापाच. त्याने काढलं, मी नाही. पहाटे सव्वापाच म्हणजे अंधार, आणि संध्याकाळची साडेपाचच्या सुमारास. पण रविवारी रथसप्तमी आहे दादा! हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. संध्याकाळी चार घरी जायचंय आणि दोन जणी माझ्याकडे यायच्यात.

करावेकर

मग पुढचा रविवार. पौर्णिमा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, खाडीत थोडं उशिरा धरा. नाश्ता करून आरामात निघा.

वाडीतला

माणगावच्या बाजारपेठेत गाडीत बसून लिहितोय. पाऊण तास झाला, अजून एसटी स्टँड आलेलं नाही. ह्या मुंबई-गोवा महामार्गाचं पळस्पे-इंदापूर रुंदीकरण २०११ ला सुरू झालं तेव्हा मी कॉलेजात होतो. मागच्या गाडीत ठाण्याचं कुटुंब आहे, त्यांची मुलगी खिडकीतून विचारतेय समुद्र किती लांब. काका, ह्या एका बाबतीत तुम्ही जिंकलात.

आईला फोन केला होता, तिला तुमचं सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, त्या काकूंना सांग, फेब्रुवारीत या, सुपारी कातरायला शिकवते. काकांचं ती काही बोलली नाही.

ओसरीवरचा

ही आत्ताच बॅगेतला स्वेटर परत वर काढून ठेवतेय. तिथी बघून कळवतो. पंधराशे.