एनसीएए फर्स्ट राउंड: लांब उडी आणि २०० मीटर एकाच दिवशी, अंदाज विजांचा. थांबा आला तर काय करायचं?

पिट_ते_कर्व्ह विचारतो:

मंडळी, मे अखेरीला एनसीएएचा (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) डिव्हिजन वनचा, म्हणजे वरच्या गटाचा, फर्स्ट राउंड आहे, ईस्ट विभाग. लांब उडी आणि २०० मीटर, दोन्हींच्या यादीत नाव आलंय. पुरुषांच्या या दोन्ही स्पर्धा बुधवारीच असतात, आधी उडी आणि रात्री २०० ची पहिली फेरी. हवामानाचा अंदाज दुपारनंतर विजांसह पावसाचा आहे.

विजेमुळे स्पर्धा थांबवली तर तो थांबा किती वेळाचा धरायचा? उडीची फ्लाइट (पाळीपाळीने उड्या मारणारा एक गट) अर्ध्यात थांबली तर आधीच्या उड्या धरतात का? वेळापत्रक सरकून दोन्ही स्पर्धा एकमेकींवर आल्या तर? आणि दोन-तीन तास बसून राहिल्यावर अंग पुन्हा कसं तयार करायचं? वॉर्मअप दोनदा पूर्ण केला तर २०० साठी पायात काही उरणार नाही अशी भीती वाटते.

झेंडा_पांढरा_लाल:

आधी एक गैरसमज काढून टाक. पावसासाठी स्पर्धा थांबत नाही, विजेसाठी थांबते. नुसता पाऊस असेल तर लोक ब्लोअर आणि रबरी वायपर घेऊन पाणी ढकलत राहतात आणि कार्यक्रम चालू राहतो.

विजेचा हिशेब असा. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंद किंवा त्याहून कमी गेले, म्हणजे वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. तोवर मैदान आणि स्टँड रिकामे झालेले असायला हवेत. मोठ्या स्पर्धांना वीज टिपणारी यंत्रणा असते, त्यामुळे आकाश तुला निरभ्र दिसत असतानाही भोंगा वाजू शकतो. शेवटच्या विजेनंतर ३० मिनिटं मोजतात, आणि २८ व्या मिनिटाला पुन्हा चमकली तर मोजणी शून्यापासून. म्हणून 'अर्ध्या तासाचा थांबा' हा शब्द फसवा आहे. फ्लोरिडात समुद्रावरच्या वाऱ्याने उठणारे दुपारचे ढग तास-दीड तासात ओसरू शकतात. केंटकी, इंडियानासारख्या ठिकाणी ढगांची अख्खी रांग येते आणि एकामागून एक वादळ जातं, तिथे रात्रच जाऊ शकते. ईस्ट २०२३ ला जॅक्सनव्हिलला होतं आणि २०२४ ला लेक्सिंग्टनला, तेव्हा यंदाचं ठिकाण बघून मनाची तयारी ठेव.

थांब्यात टीमच्या तंबूत बसायचं नाही. लोखंडी पायांचा तंबू, स्टँडखालची जागा, झाडं, यांतलं काहीच सुरक्षित नाही. नळ आणि वायरिंग असलेली पक्की इमारत, किंवा धातूच्या टपाची बस वा गाडी, काचा वर करून. बस कुठे उभी आहे ते सकाळीच बघून ठेव. भोंगा वाजल्यावर हजारभर माणसं एकाच दाराकडे धावतात.

झालेल्या उड्या कायम राहतात. फ्लाइट जिथे थांबली तिथून पुढे सुरू होते. धावण्याची शर्यत अर्ध्यात थांबवली तर ती हीट (फेरीतल्या एका गटाची शर्यत) पुन्हा होते, आधी पूर्ण झालेल्या हीटचे निकाल तसेच राहतात. रात्र फारच झाली तर पुरुषांचं उरलेलं गुरुवारी महिलांच्या कार्यक्रमात घुसवावं लागतं. ते स्पर्धा समिती ठरवते आणि कोचमार्फत कळवते. बाहेरच्या कुणाच्या मेसेजवर हॉटेलला निघून जाऊ नकोस.

रनवे_४०:

उडीबद्दल सविस्तर लिहितो, कारण थांब्यानंतर उडी ज्या कारणाने बिघडते ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

वादळी ढगातून थंड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते. आपल्याकडे वळीव येण्याआधी जो गार, धुळीचा झोत अंगावर येतो ना, तोच. त्यामुळे काही मिनिटांत वाऱ्याची दिशा फिरते. थांब्याआधी पाठीमागून १.५ मीटर प्रति सेकंदाचा वारा असताना तू जे चेकमार्क (धावेच्या खुणा) लावलेस, ते थांब्यानंतर समोरून वारा आला की खोटे ठरतात. समोरचा वारा पावलं आखूड करतो, म्हणजे बोर्डापर्यंत (उडी जिथून घ्यायची ती पट्टी) पोचतच नाहीस, मग शेवटची दोन पावलं ताणतोस आणि उडी मरते. पाठीमागचा वारा पावलं लांबवतो आणि पाय बोर्डापुढे पडून फाउल होतो. या फेरीत उड्या फक्त तीन. ४८ जणांतले पहिले १२ पुढे जातात आणि फायनलसारख्या जादा तीन उड्या मिळत नाहीत. दोन फाउल झाले की तिसरी उडी घाबरत मारावी लागते.

तेव्हा असं कर. रनअप पावलांनी मोजू नकोस, टेपने मोज आणि आकडा मनगटावर पेनाने लिही. सुरुवातीचं आणि मधल्या चेकचं अंतर, दोन्ही. थांब्यात खुणा लाथेने उडतात, पाण्याने सुटतात. ओल्या रनवेच्या कडेला चिकटपट्टी चिकटत नाही. आधी टॉवेलने हातभर जागा कोरडी करून दाब दे, मग पट्टी लाव आणि टाचेने घास. खडू वापरायला परवानगी नसते, आणि असती तरी पावसात टिकला नसता.

पुन्हा सुरू झाल्यावर पूर्ण वेगाचा एकच रन-थ्रू, बोर्डावरून सरळ पळत जाऊन. पाय कुठे पडला ते कोचने बघायचं, तू नाही. तू खाली बघितलंस की पावलं बदलतात. त्यावरून खूण हलव. साधारण अर्ध्या ते एका बुटाच्या लांबीइतका फरक पुरतो, त्याहून जास्त हलवावीशी वाटली तर आधी दुसरा रन-थ्रू मार. पहिली उडी सुरक्षित मार, बोर्डाच्या अलीकडून गेली तरी चालेल. एक आकडा फळ्यावर लागला की उरलेल्या दोन मोकळेपणाने मारता येतात.

बोर्ड रंगवलेला असतो, ओला झाला की घसरतो. तुझी पाळी येण्याआधी तो पुसून घ्यायला पंचाला सांग, बहुतेक जण स्वतःच पुसतात. वाळूही बघ. झाकली नसेल तर भिजून घट्ट बसते आणि टाचा आत जात नाहीत, मागे बसायला होतं. फावड्याने खोलवर खणून मग फळी फिरवावी लागते. नुसती वरवर सपाट केलेली वाळू दिसली तर कोचने शांतपणे बोलावं.

सहा_एमएम:

वारा २.० च्या वर गेला तर उडी धरतच नाहीत. वादळी हवेत असं होणारच, त्याचीही तयारी ठेव.

झेंडा_पांढरा_लाल:

@सहा_एमएम, नाही, हे चुकीचं आहे आणि पोराच्या डोक्यात बसायला नको. २.० मीटर प्रति सेकंद ही मर्यादा विक्रमासाठी आणि अधिकृत वैयक्तिक सर्वोत्तमसाठी. या फेरीत क्रम लावताना ३.४ च्या वाऱ्यातली उडीही पूर्ण धरतात. उडीला वारा ५ सेकंद मोजतात, खेळाडू बोर्डापासून ४० मीटरवरची खूण ओलांडतो तेव्हापासून. वाऱ्याचा झोत निघून जाण्याची वाट बघायची असेल तर वेळेच्या मर्यादेत बघ. एका उडीला एक मिनिट असतं आणि घड्याळ समोरच असतं. झेंड्याची पट्टी रनवेच्या कडेला असेल तर ती लटकली की निघ.

सहा_एमएम:

बरोबर, माझी चूक. विक्रमाचा नियम डोक्यात होता.

मग बुटांचं सांगतो, ते नक्की माहीत आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच ट्रॅकवर ६ मिलिमीटरचे पिरॅमिड स्पाइक्सच चालतात, चेक-इनला (स्पर्धेआधीच्या हजेरीला) बूट उलटे करून बघतात. पाऊस आहे म्हणून लांब किंवा सुईसारखे लावलेस तर ऐन वेळी पाना शोधत बसशील. पाना आणि दहा-बारा जादा स्पाइक्स जवळ ठेव. मोजे तीन जोड, टॉवेल दोन, आणि बूट ठेवायला झिप असलेली प्लॅस्टिक पिशवी. भिजलेल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले की तासाभरात बरंच पाणी ओढतात. नंबरच्या चार पिना आणि दोन जादा.

शेवटचे_८०:

२०० बद्दल एकच मुद्दा, पण सगळ्यात महत्त्वाचा. पहिल्या फेरीत ४८ जण, सहा हीट. प्रत्येक हीटमधले पहिले तीन आणि उरलेल्यांतले सर्वांत जलद सहा, असे २४ पुढे. वादळाच्या रात्री या सहा 'वेळेवाल्या' जागांवर भरवसा ठेवू नकोस. दुसरी हीट कोरड्या ट्रॅकवर पाठीच्या वाऱ्यात पळाली आणि पाचवी दीड तासाने समोरच्या वाऱ्यात, तर वेळांची तुलना होते ती तशीच, कुणीही दुरुस्ती करत नाही. पहिल्या तिनांत येणं एवढंच हातात आहे. शेवटच्या २० मीटरमध्ये तिसरा आहेस म्हणून सैल सोडू नकोस.

ओल्या ट्रॅकवर रबर तितकंसं घसरत नाही, लेनच्या पांढऱ्या रेघा घसरतात. कर्व्हवर रेघेपासून वीतभर बाहेर राहा, रेघेवर पाय पडला तर बादही होऊ शकतोस. स्टार्टिंग ब्लॉक्सची पॅड्स पुसून घे, आणि ब्लॉक्स टाचेने ठोकून नीट रुतलेत का ते बघ.

पाऊस म्हणजे वाईट वेळ असंही नाही. २०१८ ची यूजीनची एनसीएए फायनल धो धो पावसात झाली. सिडनी मॅकलॉफ्लिनने ४०० मीटर हर्डल्स त्या पाण्यात ५३.९६ मध्ये जिंकली. शेवटच्या रिलेत यूएससी विद्यापीठाच्या केंडल एलिसने अखेरच्या सरळ पट्ट्यात मागून येऊन पर्ड्यू विद्यापीठाला गाठलं, आणि यूएससीने महिलांचं सांघिक विजेतेपद ५३ विरुद्ध ५२ असं एका गुणाने नेलं. ती शर्यत बघून घे, चांगलं वाटेल.

पिट_ते_कर्व्ह:

खूप आभार सगळ्यांचे. वॉर्मअपचं आणि दोन स्पर्धा एकमेकींवर येण्याचं कुणी सांगेल का?

रनवे_४०:

वॉर्मअप. थांब्यात स्नायूंची ऊब पंधरा-वीस मिनिटांत उतरते, म्हणून ती टिकवायला सारखं हलत राहण्यात अर्थ नाही. कोरडे कपडे घाल, टोपी घाल, पाय वर करून बस. दर वीसेक मिनिटांनी उठून कॉरिडॉरमध्ये चार-पाच मिनिटं चाल आणि पाय झुलव. दर तासाला थोडं खा, ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं: एक केळं आणि ब्रेडची एक फोड जॅम लावून, एवढंच. पोटभर पास्ता नको. २०० कधी होईल ते कुणालाच सांगता येत नाही.

मोजणी संपून 'मैदान खुलं' म्हटलं की सुरू होण्याची नवी वेळ जाहीर होते, आणि मध्ये वॉर्मअपला अवधी देतात. तेव्हा सकाळचा पूर्ण वॉर्मअप पुन्हा करू नकोस. पाच-सात मिनिटं हलकं जॉग, तेवढेच ड्रिल्स, मग ६० मीटरच्या दोन स्ट्राइड्स, ३० मीटरचं एक वेगवान ॲक्सेलरेशन आणि तो एक रन-थ्रू. पंचवीस मिनिटांत संपतं. मोजणी चालू असताना कुणी बाहेर उड्या मारताना दिसलं तर त्याच्या मागे जाऊ नकोस, घड्याळ पुन्हा शून्यावर गेलं की त्याची सगळी मेहनत वाया.

दोन्ही एकावर एक आल्या तर: तुझ्यासाठी २०० ची हीट थांबणार नाही, पण उडीचा पंच क्रम मागेपुढे करू शकतो. त्याला आधी सांगून, त्याच्या कागदावर नोंद करून मगच पिट (उडीची जागा) सोड. न सांगता गेलास तर नाव पुकारलं जातं, मिनिट संपतं आणि ती उडी गेली. शक्य तेवढ्या उड्या निघण्याआधी मारायला माग. धावून परत आल्यावर लगेच उडी नको, पंचाकडून मिळेल तेवढा श्वास घे, पण फ्लाइट बंद झाली की उरलेली उडी मिळत नाही.

झेंडा_पांढरा_लाल:

यात एक भर. २०० च्या चेक-इनची वेळ थांब्यामुळे सरकते, आणि लोक तिथेच चुकतात. मूळ वेळ पाठ असते, नवीन ऐकलेली नसते. तू पिटवर असताना चेक-इनच्या टेबलापाशी कोच किंवा टीममधला कुणीतरी उभा असू दे, आणि तिथल्या हजेरी घेणाऱ्या क्लार्कला सांगून ठेव की हा खेळाडू लांब उडीवर आहे. नंबरच्या पाठीमागे दोन्ही स्पर्धांचे हीट, लेन आणि फ्लाइट पेनाने लिहून ठेव. ओल्या फोनचा टचस्क्रीन नेमका तेव्हाच चालत नाही.