अण्णांचं वेब्ली रिव्हॉल्व्हर विकायचंय, किती सांगावं?

कृष्णाकाठची:

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये आमचे अण्णा (वडील) गेले. त्यांच्या नावावर वेब्ली अँड स्कॉटचं .३२ रिव्हॉल्व्हर होतं, परवाना १९७६चा. सध्या ते पोलीस ठाण्यात जमा आहे. मला परवाना काढायचा नाही, भाऊ कॅनडात, आणि आई म्हणते, ते घरात परत आणायचं नाही. म्हणजे विकायचंच.

घोळ किमतीचा आहे. बंदुकांच्या एका दुकानात गेले तर गृहस्थ वस्तू न बघताच म्हणाले, "ताई, जुनं झालंय ते. पंचेचाळीस हजार देतो, कागदपत्रांचं माझ्याकडे लागलं." उलट अण्णांचे एक बागायतदार मित्र सांगतात, "विलायती माल आहे, अँटिक आहे, तीन लाखांच्या खाली देऊ नकोस." तुम्हीच घेता का काका, म्हटलं, तर विषय थेट उसाच्या बिलावर गेला.

मला सांगता येईल ते सांगते. दिवाळीआधीच्या रविवारी अण्णा पडवीत पेपर पसरून ते साफ करायचे. डाव्या बाजूची खिट्टी अंगठ्याने दाबली की नळी पुढे झुकायची आणि गोळ्यांच्या चक्राच्या मधून, रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणारी एक चांदणी वर यायची. ती चांदणी बघायला आम्ही भावंडं पळत यायचो. उडवलेलं मात्र कधी पाहिलं नाही. रंग निळसर काळा, नळीच्या तोंडाशी घासून पांढरा पडलेला. मूठ काळी, एका बाजूला टवका उडालाय. सोबत चामडी म्यान आहे.

रोखठोक_९:

ताई, फोटो आणि नंबर टाका. समोरासमोर रोखीत घेतो, दुकानदाराची कटकट नको.

मिरजेचे काका:

रोखठोक, तुमचा प्रतिसाद संपादकांना कळवला आहे. ताई, नंबर इथे टाकू नका आणि असल्या माणसाला उत्तरही देऊ नका. परवाना नसलेल्याला हत्यार विकणं हा गुन्हा आहे. देणारा आणि घेणारा दोघंही आत जातात.

आता तुमचं. मी चाळीसेक वर्षं नेमबाजीत आहे, अशा पाचसहा वस्तू ओळखीच्यांसाठी बघून दिल्यात.

आधी "अँटिक" हा शब्द डोक्यातून काढा. आपल्या शस्त्र कायद्यात जुनाट बनावटीचं किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं, पण उडूच न शकणारं हत्यार तेवढं सवलतीत बसतं. तुमचं चालू आहे, म्हणजे ते सरळ सरळ रिव्हॉल्व्हर आहे. अमेरिकेतल्या लिलावांचे आकडेही बघू नका. तिकडे अशा वेब्ली ढिगाने आहेत. आपल्याकडे १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसासाठी विलायती हत्यारांची आयात बंद आहे, म्हणून जुन्या मालाला भाव. त्यात गिऱ्हाईक मोजकं. ज्याच्या परवान्यावर जागा रिकामी आहे तोच घेऊ शकतो, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. अण्णांच्या मित्राकडे आधीच दोन असतील तर त्यांच्या तीन लाखांना काय अर्थ?

एक गोष्ट डोळ्यांनी बघून या: चक्रावर किंवा नळीवर .३२ कोरलेलं आहे ना? .३८ निघालं तर ते प्रतिबंधित बोअरमध्ये (सामान्य परवान्यावर न मिळणाऱ्या नळीच्या मापात) जातं आणि गिऱ्हाईक जवळजवळ संपतं. .३२ असेल तर उत्तम, त्याच्या गोळ्या खडकीच्या कारखान्यात बनतात.

नळीच्या तोंडाशी पांढरं पडलंय म्हणालात ते ऐकून मला बरं वाटलं. म्यानात घालून-काढून तसं होतं. म्हणजे रंग मूळचा असण्याची शक्यता जास्त. कुणी "पॉलिश मारून देतो, दहा हजार वाढतील" म्हणालं तर हात जोडा. नव्याने निळं केलं की कडा गोल होतात, कोरलेली अक्षरं बुजतात, आणि जाणकार तिथेच भाव पाडतो. सांगाड्यावर आणि चक्रावर कोरलेला हत्याराचा नंबर एकच आहे का, तेही बघा.

मला खरी काळजी म्यानाची. चामडं ओल धरतं. ठाण्यात म्यानासकट जमा केलं असेल आणि तसाच पावसाळा गेला असेल तर गंज चढणार.

कृष्णाकाठची:

काका, आज भावाच्या संमतीपत्रासोबत ठाण्यात जाऊन आले. .३२च आहे, दोन्ही नंबर एकच. हवालदारांनी स्वतः उघडून दाखवलं, चांदणी अजून तशीच वर येते. पण म्यानातच ठेवलं होतं. उजव्या बाजूला रुपयाएवढा तांबूस डाग, हात लावला तर खरखरीत. नळी उजेडाकडे धरली तेव्हा आतले आटे (पिळाच्या खाचा) स्पष्ट दिसत होते. म्यान वेगळं करून घेतलं. दुकानदार म्हणतो तुमचा परवाना नाही, तेव्हा मी सांगेन तोच भाव.

मिरजेचे काका:

चूक. शस्त्र कायद्याचं कलम २१ बघा. जमा केलेलं हत्यार वारसाला स्वतःचा परवाना नसतानाही पात्र माणसाला विकता येतं आणि पैसे वारसालाच मिळतात. फक्त मुदतीत विका. मुदत उलटली तर ते सरकारजमा होऊ शकतं. दुकानदार त्याच घाईवर टपून बसतो. किती दिवस उरलेत ते जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घ्या.

भावाचा माझा हिशेब असा. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर २०१४ साली नवं कोरं १ लाख २२ हजारांना आलं होतं. चालू वेब्ली त्याच्या खाली का जावी? नळी आतून चांगली, नंबर जुळतात, रंग मूळचा. गंजाचा डाग आणि मुठीचा टवका यांचे वीसेक हजार वजा धरूनच पुढचा आकडा सांगतो. मी दीड लाख सांगितले असते आणि सव्वापर्यंत उतरलो असतो. आपल्या भागात गिऱ्हाईक नसेल तर पुण्यातल्या दोन दुकानांत लेखी भाव मागा.

गंज घासू नका. पॉलिश पेपर नको, वायर ब्रश तर नकोच. हवालदारांच्या समोर तेलाचं फडकं फिरवून घ्या, बस.

कृष्णाकाठची:

पुण्यातून एक लेखी भाव आला, १ लाख १५ हजार, वस्तू बघून अंतिम ठरवतील. दुसऱ्याची वाट बघतेय. पहिल्या दुकानदाराचा आज आपणहून फोन आला, पंचेचाळीसचे ऐंशी झालेत. म्यान आईने मागून घेतलं, ते विकायचं नाही म्हणते.