खाऱ्या पाण्याची छोटी टाकी आणि नको ते शेवाळ : तुमचे अनुभव सांगा

शंभर लिटरच्या आतल्या टाक्यांबद्दल बोलू. पाणी थोडं असलं की सगळंच झटपट बिघडतं, आणि मोठ्या टाकीचे उपाय इथे चालतातच असं नाही. शेवाळ खाणारे टँग मासे तर यात ठेवताच येत नाहीत. काय उगवलं, कशाने गेलं, कशाने गेलं नाही, तिन्ही लिहा. नुसतं 'पाणी बदला' नको, ते सगळे करतातच.

माझ्यापासून सुरुवात. हिरवं, केसाळ. टेस्ट किट फॉस्फेट जवळजवळ शून्य दाखवायचं आणि खडकांवर मात्र जटा. पाण्यात फॉस्फेट दिसणार कुठून, शेवाळच ते पिऊन टाकत होतं! खडक जुने, आतून हळूहळू फॉस्फेट सोडणारे. शेवटी खडक बाहेर काढून, टाकीच्याच पाण्याच्या बादलीत धरून टूथब्रशने घासले. टाकीत घासलं तर तुकडे तरंगत दुसरीकडे रुजतात. उरलेलं टर्बो गोगलगायींनी संपवलं. त्या धसमुसळ्या असतात, प्रवाळाचे तुकडे आधी नीट चिकटवून ठेवा.

*

टाकी नवी असेल आणि वाळूवर तपकिरी भुकटी बसत असेल, तर बहुतेक डायाटम, म्हणजे एकपेशी सूक्ष्म शेवाळ. नळाच्या पाण्यातलं सिलिकेट हे एक नेहमीचं कारण. आरओ-डीआय फिल्टरने शुद्ध केलेलं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य असलेलं पाणी वापरा आणि काही आठवडे थांबा. माझं आपोआप गेलं. याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

*

थांबा म्हणताय खरं, पण माझंही तपकिरीच होतं आणि ते डायाटम नव्हतं. शेंबडासारखे धागे, टोकाला हवेचे बुडबुडे. रात्री विरळ, दुपारपर्यंत पुन्हा दाट. गोगलगायी मरायला लागल्या. ज्याला त्याला विचारलं, तो म्हणे खाणं कमी करा. माझं नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही आधीच शून्य!

हे डायनोफ्लॅजेलेट (डायनो), सूक्ष्म एकपेशी जीव, आणि त्यांचं फावतं ते बहुधा अशाच उपाशी टाकीत. खात्री करायची सोपी युक्ती : थोडा शेंबूड पाण्यात जोरात हलवा, कॉफीच्या कागदातून गाळा आणि गाळलेलं पाणी उजेडात ठेवा. तासाभरात पुन्हा धागे जमले तर डायनो समजा. सूक्ष्मदर्शकाखाली माझे थेंबाच्या आकाराचे, खुंटीला बांधल्यासारखे जागच्या जागी फिरणारे दिसले, म्हणजे डायनोंपैकी ऑस्ट्रिऑप्सिस. ते रात्री पाण्यात तरंगायला निघतात, म्हणून यूव्ही दिवा लागू पडला. सोबत फॉस्फेट शोषणारं जीएफओ काढलं, पाणी बदलणं थांबवलं, खाणं वाढवलं. नायट्रेट 5 पीपीएमच्या आणि फॉस्फेट 0.05 च्या खाली जाऊ दिलं नाही. मधे थोडं हिरवं शेवाळ आलं तेव्हा चक्क आनंद झाला. एम्फिडिनियम हा दुसरा डायनो असेल तर मात्र यूव्हीवर खर्च करू नका, ते वाळूतच राहतं. आणि हातमोजे घाला, यातल्या काही जाती विषारी आहेत.

*

वरच्या ताईंना दुजोरा. हातमोज्यांचा सल्ला तर सोन्यासारखा.

माझ्याकडे लाल, मऊ चादर. सायनो, म्हणजे खरं तर शेवाळ नव्हेच, जिवाणू. औषधाने एकदा साफ झालं, पण प्रवाह न पोचणाऱ्या कोपऱ्यात परत यायचं ते यायचंच. पंपाचं तोंड तिकडे वळवलं, हवेच्या बारीक नळीने सायफन करत राहिले, तेव्हा थांबलं. औषध घालायचंच तर एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावा, पाण्यातला प्राणवायू घटतो.

*

बबल अल्गी. सगळे म्हणतात एमराल्ड क्रॅब आणा. आणला. महाराज माशांचं खाणं पळवतात आणि हिरव्या फुग्यांकडे ढुंकून बघत नाहीत. बहुतेकांचे खातात म्हणे. मी आता फुगे मुळापासून खरवडून लगेच नळीने ओढून घेतो. फोडले की पसरतात की नाही यावर वाद आहे, मी फोडत नाही.

*

माझं हिरवंच आहे, पण गोगलगायी तोंड लावत नाहीत. घासलं की पुन्हा येतं. काय असेल?

*

पिसासारख्या फांद्या आहेत का? असतील तर ब्रायोप्सिस. त्यावर फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध चालतं, साधारण लिटरला 5 मिलिग्रॅम. फिल्टरमधला कार्बन काढायचा, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद. शेवाळ मरताना साठवलेलं सगळं पाण्यात सोडतं, तेव्हा नंतर मोठा पाणीबदल हवाच. पण आधी फोटो टाका, तोही पांढऱ्या दिव्यात. निळ्या उजेडात सगळंच एकसारखं दिसतं.