दोघांपुरती बाग : तुमचे अनुभव लिहा

धाकटी गेल्या जुलैत नोकरीसाठी बंगळुरूला गेली, तेव्हा आमच्या पुण्याच्या गच्चीवर दोडक्याचे चार वेल मांडवावर चढून बसले होते. चार माणसं, चार वेल असा माझा जुना हिशोब. ऑगस्टात एका सकाळी सात दोडके उतरले. भाजी झाली, शिरांची चटणी झाली, भजी झाली, शेजारी आणि कामाच्या मावशींकडे देऊन झाले. मागाहून धरलेले दोन वेलावरच जून होऊ दिले, त्यांच्या जाळीने आता कढई घासते. घोसाळ्याच्या जाळीइतकी मऊ नाही, पण कढईला चालते.

कणकेचंही तेच. हात परातीत मोजूनमापून चौघांचीच कणीक घेतो. सकाळी उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा खाऊन यांनी परवा हात जोडले.

मुलं बाहेर पडल्यावर तुमच्या घराचा आणि बागेचा अंदाज कसा बदलला? कुठल्या ऋतूत काय लावता, काय सोडून दिलंत? फसलेलं आधी लिहा, यशाचे फोटो सगळेच टाकतात.

रत्नागिरीजवळून

ताई, आमचं घर दरवर्षीच रिकामं होतं. मे महिनाभर मुंबईची दोन्ही बिऱ्हाडं इथे. आंबे, फणस, रातांबे फोडून आमसुलं, नुसता धुमाकूळ. मग शाळांच्या तारखा आल्या की जूनच्या पहिल्या आठवड्यात गाड्या भरतात आणि सात-आठ जूनला मृग लागतो. ही त्या दोन दिवसांत माजघरातून उगाच फेऱ्या मारते. मी सरळ कुदळ घेऊन परसात जातो.

लावायचं ते गणपतीसाठी. तेव्हा सगळे परत येतात आणि ऋषिपंचमीच्या भाजीला घरचंच हवं असतं: अळू, पडवळ, भेंडी, लाल भोपळा, मका. पडवळ आणि तवशाचं बी मृगात टाकलं की गणपतीपर्यंत फळं हाताशी येतात. भेंडी मात्र दीड महिन्यात धरायला लागते, म्हणजे गणपतीला ती निबर. दोन वर्षं असंच झालं. आता दोघांना पुरतील एवढी चार रोपं मृगात आणि बाकीची गणपतीच्या आधी पन्नास दिवस मोजून, उंच वरंब्यावर लावतो. सपाटीला लावली तर आमच्या पावसात मुळं कुजतात.

पडवळाला खाली दोऱ्याने खडा बांधायचं काम नातवाचं होतं. यंदा तो दहावीला. खडे मीच बांधले, फोटो पाठवला, त्यावर नुसता अंगठा आला. पुढे दोन दिवसांनी वानरांनी सगळे पडवळ खड्यांसकट नेले, त्याचा फोटो पाठवला तेव्हा लगेच फोन आला.

नाशिकहून

आमच्या पिवळ्या शेवंतीला सहा वर्षं धड फूल नव्हतं. शेणखत दिलं, शेंडे खुडले, कुंडी बदलली, एकदा तर चिडून कोपऱ्यात ढकलली. झाड हिरवंगार, कळीचा पत्ता नाही. मुलगा दुसऱ्या पाळीला असायचा, रात्री एक वाजता यायचा, म्हणून पोर्चमधला दिवा तोवर चालू. शेवंती त्याच दिव्याखाली.

दोन वर्षांपूर्वी तो चेन्नईला गेला. आता आम्ही साडेनऊला दिवा घालवून झोपतो. त्या कार्तिकात झाड कळ्यांनी लगडलं, मार्गशीर्षात पान दिसेना. रोपवाटिकेतल्या काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "शेवंतीला रात्र मोठी लागते हो. दिवा लावलात की तिला वाटतं अजून उन्हाळाच आहे."

मला आनंद झाला आणि जरा रागही आला, कोणाचा ते कळलं नाही. नाताळच्या सुट्टीत तो येतो तेव्हा दिवा लावतेच. तोवर फुलं उमललेली असतात, त्यांना फरक पडत नाही.

नागपूर

आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर. बाग म्हणजे हिरवी जाळी, ओलं गोणपाट आणि देवाचं नाव. मुलगी लग्न होऊन गेली तेव्हापासून उन्हाळ्यात मी काही पेरत नाही. तुळस, कढीपत्ता आणि मोगरा एवढं जगवतो, पाणी सूर्य बुडाल्यावर. मोगऱ्याची छाटणी जानेवारीअखेर, हे मात्र चुकवत नाही. पाऊस पडला की अंबाडी. दोघांना एक वाफा भरपूर, भाकरीसोबत आठवड्यातून दोनदा.

डोंबिवलीहून

बाग कसली, खिडकीच्या ग्रिलमधल्या सतरा कुंड्या. मुलाकडे पाच महिने गेलो, किल्ली ओळखीच्यांकडे दिली, बादलीतून कुंड्यांत सुती पट्ट्या सोडून ठेवल्या. परत आलो तर कोरफड आणि सदाफुली जिवंत, बाकी काड्या, आणि जास्वंदीच्या काडीवर पारव्याचं घरटं. कोणाला बोलणार? त्यांचीही घरं आहेत.

तेव्हापासून फक्त हळद लावते. खोटं वाटेल, पण तिचं आणि आमचं वेळापत्रक जुळतं. मेअखेर कुंडीत गड्डा खोचायचा, श्रावणात पातोळ्यांना पानं, जानेवारीत पानं आपोआप पिवळी होऊन माना टाकतात. मग कुंडी कोरडी ठेवायची आणि आपण विमानात बसायचं. आतला गड्डा झोपलेला असतो, त्याला कोणी पाणी घालायची गरज नाही. नागपंचमीला पूर्वी वीस पातोळ्या व्हायच्या, आता सहा. पीठ आणि सारणाचं प्रमाण अजून चुकतं, सारण उरतं, ते आम्ही चमच्याने खातो.

न्यू जर्सीहून

इथे मेच्या मध्यापर्यंत गोठणाऱ्या दवाची भीती, त्याआधी भेंडीचं रोप बाहेर काढायचं नाही. हरणांचं तर विचारूच नका. मुलगी ऑगस्टच्या शेवटी कॉलेजला गेली, भेंडी ऐन भरात, खाणारी ती एकटीच होती.

कढीपत्त्याची कुंडी ऑक्टोबरात घरात घ्यावी लागते आणि दक्षिणेची खिडकी फक्त तिच्या खोलीला. थँक्सगिव्हिंगला ती आली तर टेबलावर लॅपटॉपच्या जागी कढीपत्ता. काही बोलली नाही. रात्री बघितलं तर कुंडी उचलून खाली ठेवली होती आणि स्वतः टेबलाशी बसली होती. सकाळी कुंडी परत वर.

पुन्हा पुण्याहून

सगळं वाचलं. दिव्याचं वाचून आमच्या जिन्यातला दिवा तपासला, तिथे शेवंती नाही, तरी.

यंदा दोडक्याचा एकच वेल ठेवायचा ठरवलं होतं. एक बी दगा देईल म्हणून दोन टाकली. दोन्ही उगवली, चार-चार पानांवर आहेत. उपटवत नाही. कोथरूडच्या आसपास ऑगस्टात कोणाला दोडके लागणार आहेत का?