मदत हवी आहे: गोव्यातल्या डिचोलीच्या घरातलं जुनं लष्करी हेल्मेट पाकल्यांचं (पोर्तुगीजांचं) की आपल्या जवानांचं?

माळकरी:
नमस्कार मंडळी. डिचोलीच्या आमच्या जुन्या घराचं छप्पर उतरवताना माळ्यावर एक लोखंडी हेल्मेट मिळालं. उथळ, रुंद कडेचं, परातीसारखं. मधल्या काळात आजीनं त्यात कोंबड्यांना पाणी ठेवलं होतं म्हणे, त्यामुळे आतून थोडं गंजलंय. वरून पांढरा रंग, तो उडाला तिथं खाली मातकट खाकी दिसतो. आत काळ्या रेक्झिनसारख्या कापडाचं अस्तर आहे, टाळूला एक स्क्रू, कडेजवळ दोन भोकं. हनुवटीचा पट्टा नाही, पण तो अडकवायच्या कड्या आहेत.

घरात एकच गोष्ट सांगतात: १९६१ च्या डिसेंबरात भारतीय फौजा गोव्यात आल्या आणि पाकले पळाले तेव्हा कुणीतरी टाकून गेला, आजोबांनी उचललं. हणजूणच्या (अंजुनाच्या) बुधवारच्या बाजारातल्या एका विक्रेत्यानं बरी रक्कम देऊ केली आहे. अट अशी की ‘हे पोर्तुगीज सैनिकाचं आहे’ असं मी कागदावर सही करून द्यावं. मला ही अट खटकते. हे नक्की काय आहे, भोकं कसली, आणि किंमत ठरवायची कशी? फोटो खाली जोडले आहेत.

गंजका खिळा:
आधी एकच बघा. डोक्याच्या भागावर उभ्या पन्हळी आहेत का? पहिल्या महायुद्धात पोर्तुगालनं फ्रान्सला फौज पाठवली (९ एप्रिल १९१८ ला लीसच्या लढाईत ती पार मोडली). त्या फौजेसाठी इंग्लंडमध्ये बनलेली हेल्मेटं आकारानं ब्रिटिशच होती, पण त्यांच्यावर अशा पन्हळी असत. पन्हळी असतील तर चीज दुर्मीळ आहे. गुळगुळीत असेल तर पाकल्यांची गोष्ट जरा बाजूला ठेवा.

आणि कृपा करून घासू नका! पॉलिश पेपर, आम्ल, चिंच, काही नको. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे ती धूळ छातीत जाणंही चांगलं नाही. शिवाय संग्राहक पैसे मोजतो ते मूळ रंगाचे. पांढऱ्याखालची खाकी हाच तुमचा पुरावा आहे, तो खरवडून टाकलात की उरतं भंगार.

माळकरी:
पन्हळी नाहीत, अगदी गुळगुळीत. लोहचुंबक लावला तर जेमतेम ओढ जाणवते. कडीच्या पत्र्यावर भिंगातून ‘एचबीएच’ आणि ‘१९३९’ असं दिसतंय. अस्तरावरचा ठसा पुसट झालाय, वाचता येत नाही.

किल्लेदार:
मग बऱ्यापैकी उलगडलं. एचबीएच म्हणजे हॅरिसन ब्रदर्स अँड हाउसन, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हेल्मेटं बनवणारी कंपनी. टाळूच्या एकाच स्क्रूवर बसवलेलं अस्तरही ब्रिटिश मार्क टू शी (त्या युद्धातला त्यांच्या हेल्मेटाचा नमुना) जुळतं. लोहचुंबक नीट चिकटत नाही, कारण पत्रा मँगेनीज पोलादाचा. साध्या लोखंडाच्या प्रतिकृतीला तो टचकन चिकटतो. नकली मालाविरुद्ध ही सर्वात स्वस्त चाचणी.

पण कडीवरचं साल हे कडीचं साल. लष्करात हेल्मेट फेकत नसत. अस्तर बदलायचं, पट्टा नवा, वर रंगाचा हात आणि पुढच्या माणसाच्या डोक्यावर. खुद्द ब्रिटिशांनी १९१६-१८ च्या जुन्या टोप्यांना नवी अस्तरं लावून दुसऱ्या युद्धात परत वापरलं. तेव्हा कडेच्या आतल्या बाजूला पत्र्यावरच वेगळा ठसा आहे का, तेही बघा. शेंड्याखाली ‘आय’ अक्षर असलेली बाणाची खूण कुठं दिसली तर ती हिंदुस्थानातल्या लष्करी सामानाची.

भोकांचं. चाचणीत कमी पडलेल्या टोप्यांच्या कडेला इंग्लंडमध्ये भोक पाडत, आणि त्या नागरी संरक्षणाच्या लोकांना देत. दुसरी शक्यता, इथं कुणीतरी टांगण्यासाठी पाडलं. फरक ओळखायचा तर भोकाच्या आत बघा. खाकी रंग आतपर्यंत उतरला असेल तर भोक रंगाच्या आधीचं. तसंही मँगेनीज पोलाद ड्रिल लावलं की आणखी कडक होत जातं, घरगुती ड्रिलनं ते पाडणं म्हणजे दात पाडून घेणं.

माझं मत: १९६१ मध्ये भारतीय सैन्य ब्रिटिश नमुन्याचीच हेल्मेटं वापरत होतं. तेव्हा हे १८-१९ डिसेंबरच्या कारवाईत आपल्या जवानाबरोबर आलं असेल, किंवा नंतर लष्करी भंगारातून. पाकल्याच्या डोक्यावर हे असणं मला तरी अवघड वाटतं.

गंजका खिळा:
सही करू नका, एवढंच सांगतो. त्याला हेल्मेट नकोय, तुमचा कागद हवाय. तो कागद पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवून दुप्पट घेणार, आणि उद्या कुणी कड्या वाचल्या की नाव तुमचं. किंमत बघायची तर लिलावाच्या साइटवर ‘विकलं गेलेल्या’ वस्तू बघा, लोक मागतात ते आकडे नव्हे. साधं, गंजलेलं, पट्टा नसलेलं मार्क टू इंग्लंडमध्येच फार महाग जात नाही. युनिटची खूण किंवा सैनिकाचा नंबर रंगवलेला सापडला तर मात्र भाव बदलतो.

आणि कायद्याचं: १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची अट आहे. १९३९ चं असेल तर अजून त्यात बसत नाही. पण पत्रा १९१६-१८ चा निघाला तर प्रकरण वेगळं, पुरावस्तू ठरली तर परदेशी नेणाऱ्याला देता येणार नाही. त्या बाजारात गिऱ्हाईक कोण असतं ते तुम्हाला ठाऊक आहेच.

माळकरी:
भोकांच्या आत खाकी आहे! कडेच्या आतला ठसा मात्र पांढऱ्या रंगाखाली दबलाय. तो न खरवडता वाचायची काही युक्ती?

किल्लेदार:
अंधाऱ्या खोलीत टॉर्च कडेला समांतर धरा, अगदी आडवा. ठशाची सावली पडते. दोन-तीन कोनांतून फोटो काढून इथं टाका. तोवर पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. आत घाम धरतो, गंज वाढतो. जुन्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवा, अस्तराला तेल लावू नका.