दाट हीटमॅप पीडीएफमध्ये व्हेक्टर ठेवायचा की रास्टर?

पलासियाकर (इंदूर):
आमच्या विभागात प्रबंध जमा करायचे दिवस आले की हा वाद निघतोच. मी ठामपणे सांगते, पीकलरमेशने (मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेख-साधनातली, आकड्यांचे रंगीत चौकोन काढणारी आज्ञा) काढलेला दाट ग्रिड व्हेक्टर, म्हणजे प्रत्येक आकार वेगळा रेखलेला, ठेवू नका. १००० × १००० म्हणजे १० लाख चौकोन, आणि प्रत्येकाचे कोपरे नि रंग फाइलमध्ये वेगळे लिहिले जातात. पान उघडलं की चौकोन हळूहळू भरत बसतात, मागेपुढे केलं की पुन्हा पहिल्यापासून. शिवाय चौकोनांच्या मध्ये बारीक पांढऱ्या रेषांची जाळी दिसते. ती डेटात नसते. चौकोनाची कड पिक्सेलच्या मधोमध आली की शेजारचे दोन्ही चौकोन तो पिक्सेल अर्धवट रंगवतात आणि मागचं पांढरं डोकावतं. परीक्षकाला वाटतं, मोजणीतच खोट आहे! मॅटप्लॉटलिबमध्ये तेवढ्या थराला रास्टराइज्ड=ट्रू द्या, म्हणजे तो रास्टर, अर्थात पिक्सेलांचं चित्र होतो. अक्ष आणि अक्षरं व्हेक्टरच राहतात.

सिमरोळकर:
ताई, नाही पटलं. नियतकालिकातला एक स्तंभ साधारण ८.५ सेंमी. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) तिथे जेमतेम १००० पिक्सेल बसतात, अक्षांची जागा सोडली तर आणखी कमी. माझ्या ग्रिडला १५०० रकाने आहेत. उरलेले गेले कुठे? इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर बीमटाइम (किरणांवर प्रयोग करायची वेळ) मिळवून विवर्तनाची मोजणी करायची आणि एका रकान्याएवढं अरुंद शिखर चित्रातून गायब व्हायचं, हे मला चालणार नाही. व्हेक्टरमध्ये झूम केलं की ते सापडतं. पांढऱ्या रेषा घालवायला कडांना चौकोनाचाच रंग द्या.

पलासियाकर:
कडांना रंग दिला की प्रत्येक चौकोन किंचित फुगतो, आणि रंग पारदर्शक असेल तर कडा दुहेरी गडद होतात. तुमच्या शिखरासाठी ६०० डीपीआय घ्या, जवळपास २००० पिक्सेल मिळतील.

रामबागवाले:
ग्रिड समान अंतराचा असेल तर मॅटप्लॉटलिबचीच इमशो ही आज्ञा इंटरपोलेशन='नन' देऊन वापरा ना. एका चौकोनाला एक पिक्सेल, आकडा गळत नाही आणि फाइलही लहान. फक्त काही पीडीएफ वाचक असं चित्र मोठं करताना रंग एकमेकांत मिसळतात, ते तपासून घ्या. २० × २० च्या सहसंबंध तक्त्याला मात्र व्हेक्टरच हवा.

सिमरोळकर:
दादा, माझा अक्ष लॉगरिदमिक आहे, चौकोन असमान, त्यामुळे इमशो बाद. ताईंचे ६०० मान्य, पण रास्टराइज्ड=ट्रू सांगणारे डीपीआयचं नावच काढत नाहीत. न सांगता सेव्ह केलं तर मॅटप्लॉटलिब १०० धरतं. तेवढ्याच ८.५ सेंमीत मग सुमारे ३३५ पिक्सेल, आणि माझे १५०० रकाने त्यात कोंबलेले. अक्षरं तर सुबक दिसतात, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. विभागाच्या नमुना कोडमध्ये ही ओळ डीपीआयसकट घाला, तरच मी व्हेक्टर सोडेन.