लांज्याजवळ सहा छोटी घरं, लाईट-पाणी आपलं आपण : सल्ला हवाय

सडेकर :
नमस्कार मंडळी. आम्ही सहा जोडपी, सगळी चाळिशी-पन्नाशीतली, त्यातल्या एकाची लांज्याजवळ वडिलोपार्जित अडीच एकर जागा आहे, अर्धा कातळ, अर्धी आंब्याची कलमं, खालच्या बाजूला पऱ्या (पावसाळी ओढा). विचार असा की प्रत्येकी तीनशे स्क्वेअर फुटांचं चिऱ्याचं घर, मध्ये एक सामायिक स्वयंपाकघर नि मोठी पडवी, आणि लाईट, पाणी, गॅस शक्यतो बाहेरून काहीच आणायचं नाही. सोलरवाल्याने बॅटरीसकट 10 किलोवॉटचं कोटेशन दिलंय, आकडा बघून दोघंजण व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदम गप्प झालेत. खरंच एवढं लागतं का? असं कोणी राहतंय का?

रानमोडी :
मी राहतोय, संगमेश्वर तालुक्यात, पाच पावसाळे झाले. कोटेशन ठेवा बाजूला आणि वही घ्या. बीएलडीसी म्हणजे कमी विजेवर चालणारा पंखा 30 वॉट खातो (साधा 75), असे दोन पंखे दहा तास, चार एलईडी, मोबाईल-लॅपटॉप, घरटी साधारण एक युनिट. सहा घरांची सहा-साडेसहा. स्वयंपाकघरातले दोन फ्रीज, मिक्सर आणि एक एचपीचा पंप तासभर, अजून साडेतीन. झाली दहा युनिट रोजची. एक किलोवॉट पॅनेल उन्हाळ्यात दिवसाला चारेक युनिट देतं म्हणजे कागदावर तीन किलोवॉट पुरे.

आता खरी गोष्ट. माझे तीन किलोवॉट मार्चमध्ये 12-13 युनिट देतात आणि जुलैत असे दिवस बघितलेत की संध्याकाळी इन्व्हर्टरवरचा आकडा 3 च्या पुढे सरकलेला नसतो, आणि असे आठ दिवस ओळीने येतात. तुमचे 10 किलोवॉट लावले तरी त्या आठवड्यात जेमतेमच भागेल, आणि आठ दिवसांची बॅटरी घ्यायची तर कलमं विकावी लागतील. कोकणात डिझाईन जुलैचं करायचं, मे महिन्याचं नाही.

अबोली :
लाईटचं एवढं काय घेऊन बसलात, एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसतो का ते आधी विचारा! मे महिन्यात एक रात्र मुक्काम करा त्या जागेवर, मगच पुढचं. पावसाचा हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तुमच्याकडे 3000 मिलिमीटर सहज पडतो, 30 चौरस मीटरचं एक छप्पर 90 हजार लिटर देतं. साठवायला जागा नसते हाच प्रॉब्लेम. सगळं साठवू नका, फक्त पिण्या-रांधण्याचं साठवा : बारा माणसं, माणशी 10 लिटर, फेब्रुवारी ते मे 120 दिवस, 14,400 लिटर. फेरोसिमेंटची (तारेच्या जाळीवर सिमेंट) वीस हजार लिटरची टाकी बांधा, पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी सोडून द्या कारण कौलांवर माकडांनी काय काय करून ठेवलेलं असतं ते मी लिहीत नाही.

आणि संडास विहिरीच्या वरच्या अंगाला नको. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी संडासाच्या सोनखताचे (मैल्यापासून खत) प्रयोग करून इतकी वर्षं झाली, तरी लोक अजून एक मोठी टाकी पुरतात आणि झालं म्हणतात. दोन शोषखड्डे आळीपाळीने वापरा. फक्त कातळात पाणी जिरत नाही, ते फटीतून कुठे निघेल सांगता येत नाही, तेव्हा खड्डे कलमांच्या मातीत घ्या.

गॅसचं म्हणाल तर दीनबंधू पद्धतीच्या दोन घनमीटरच्या गोबरगॅस प्लँटला रोज 50 किलो शेण लागतं. गुरं कोण बघणार आहे तुमच्यापैकी? बोला!

सडेकर :
ताई, गुरांचं नाव काढल्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले 😅

सातबारा_काका :
मला एक सांगा, जागा एकाची नि घरं सहा जणांची, कागद काय करणार? बाकी पाच जण शेतकरी नसतील तर कुळकायद्याच्या कलम 63 मुळे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन त्यांच्या नावावर होणार नाही, भाडेपट्ट्यानेही नाही. जमिनीचे छोटे तुकडे पाडायला तुकडेबंदी आहेच. शेतघर म्हणून बांधाल तर ते शेतकऱ्याचं, सहा मित्रांचं नव्हे. तेव्हा आधी बिनशेती करून घ्या, मग रीतसर भाडेपट्ट्याचं बघा, आणि लांज्यातल्याच वकिलाकडून, मुंबईच्या नको. घराला चाकं लावली की परवानगी लागत नाही असं यूट्यूबवर सांगतात ते अमेरिकेतलं, तहसीलदार चाकं मोजत नाहीत. आणि सहातला एक उद्या निघाला तर त्याचे पैसे कसे परत करणार हे आजच लिहा, मैत्री आहे तोवर. आमच्या घरच्या सातबाऱ्यावर 22 नावं आहेत, पडवीचं कौल बदलायला चार फोन करावे लागतात.

उलटतपासणी :
बिहारमधलं धरनई आठवतं का कोणाला? 2014 मध्ये तिथे 100 किलोवॉटचा सोलर मायक्रोग्रिड (गावापुरती वीजव्यवस्था) बसवला, देशभर बातम्या. लोकांनी टीव्ही-फ्रीज जोडले, बॅटऱ्यांना झेपेना, मग सरकारी वीज आली ती स्वस्त पडली, आणि शेवटी त्या सोलरच्या जागेत गुरं बांधलेली दिसली. तुमच्या सहा घरांत एकाने गुपचूप 1800 वॉटची इंडक्शन आणली की तेच होणार. प्रत्येक घराला वेगळा मीटर लावा, दोस्तीबिस्ती ठीक आहे.

रानमोडी :
मीटरला +1. आणि महावितरणचं एक कनेक्शन घ्याच, त्यात कमीपणा काही नाही. पीएम सूर्यघरची सबसिडी, तीन किलोवॉटला 78,000, ही ग्रीडला जोडलेल्या घरगुती सोलरलाच मिळते. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या, लेड ॲसिड निम्म्याखाली उतरवलीत तर लवकर मरते.

पण तुम्ही पऱ्याचा उल्लेख केलात आणि कोणी त्यावर बोललंच नाही. ऊन नसतं तेव्हाच पऱ्याला पाणी असतं! दहा मीटर उतार (सरळ उभ्या उंचीत) आणि सेकंदाला पाच लिटर मिळाले तरी छोट्या टर्बाईनवर अडीचशे वॉट निघतात. दिसायला काहीच नाही, पण दिवसरात्र चालतं म्हणजे सहा युनिट, भर जुलैत. माझ्याकडे तीन वर्षं चालू आहे. त्रास एकच, पाला. रोज सकाळी छत्री घेऊन जाऊन जाळी साफ करायची, नाही गेलं की दुपारी दिवे मिणमिणतात.

अजून एक, कातळावर अर्थिंग धड मिळत नाही. पहिल्या वर्षी परतीच्या पावसात वीज कडाडली आणि माझा इन्व्हर्टर गेला, वास दोन दिवस घरात. अर्थिंगचा खड्डा खाली मातीत काढा, तार लांब पडली तरी चालेल, आणि सर्ज अरेस्टर (विजेचा झटका अडवणारं उपकरण) विसरू नका.

सडेकर :
पऱ्याचं डोक्यातच नव्हतं! शनिवारी जातोय, अजून वाहतोय म्हणे. मोजायचं कसं? बादली लावून?

रानमोडी :
बादली भरायच्या आत तुम्ही भिजाल. दगड-मातीचा छोटा बांध घाला, त्यातून पाईपचा तुकडा काढा, खाली 20 लिटरचा डबा धरा. चार सेकंदात भरला तर सेकंदाला पाच लिटर. आत्ता दसऱ्यानंतर जे मिळेल त्यापेक्षा जुलैत जास्तच असणार. उतार मोजायला गवंड्याची लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) न्या, मोबाईलचं ॲप नको.

अबोली :
आणि खालच्या वाडीतल्या लोकांना विचारून मग बांध घाला. पऱ्या त्यांच्याकडेही जातो.